पाठीतलं पाणी

मी रागीट आहे हे आमच्या हॉस्पिटलात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि माझा निम्मा राग फ्रीजवरचा आहे. मुलांच्या पाठीतून काढलेलं पाणी फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसला. माणसाला वाटतं, गार ठेवलं की टिकतं. दूध टिकतं, भाजी टिकते, पेढीतलं रक्तसुद्धा टिकतं. पण मेंदूज्वराचे जंतू अंगाच्या उबेला सोकावलेले असतात. गारठ्यात ते मरतात, आणि मेलेला जंतू माझ्या काचेच्या बशीतल्या जेलीवर उगवत नाही. मग मी लिहिते 'काही उगवलं नाही', आणि वाचणारा खुशाल समजतो की जंतू नव्हताच.

मी लॅबची डॉक्टर आणि माझा नवरा मुलांच्या वॉर्डचा प्रमुख. आमचं लग्न मेंदूज्वरानं जुळवलं असं लोक चेष्टेनं म्हणतात, आणि त्यात फारसं खोटं नाही. तो नवखा डॉक्टर होता तेव्हा ताप आणि आकडी घेऊन आलेली मुलं त्याच्या डोळ्यांदेखत जायची, आणि कोणत्या जंतूनं नेली हे कुणाला सांगता यायचं नाही. वरची मंडळी म्हणायची, तुमच्याकडे हा आजार आहेच कुठे, आकडा दाखवा आणि लस घ्या. म्हणून आम्ही दोघांनी पाळत सुरू केली. पाच वर्षांखालचं मूल ताप आणि ताठ मान घेऊन आलं की त्याच्या पाठीतलं पाणी काढायचं, माझ्याकडे पाठवायचं, जंतू मी शोधायचा आणि वर कळवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण लेकराच्या पाठीत सुई घालू द्यायला आईबाप सहजी तयार होत नाहीत. पोरगं लुळं पडेल म्हणून हातपाय गाळतात. त्यांना समजावण्यात नवऱ्याचा हातखंडा. जमिनीवर फतकल मारून तो आयांशी बोलायचा, आणि एकेक आई डोळे पुसत मान हलवायची.

पाणी लॅबपर्यंत आणायचं काम वॉर्डमधल्या मामांचं. मामांना मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की बाटली मुठीत धरायची, वाटेत चहा नाही, गप्पा नाहीत. मामांनी ते इतकं मनावर घेतलं की शर्टाच्या आतल्या खिशात बाटली ठेवून वर हात दाबून यायचे. मामा अंडं उबवायला निघाले, म्हणून लॅबमधल्या पोरी हसायच्या. पण त्या उबलेल्या बाटल्यांतून जंतू उगवले, त्यांचा आकडा झाला, आकड्यावरून लस आली. लस आली त्या दिवशी नवऱ्यानं मला सगळ्यांसमोर म्हटलं की ही लस तुझ्या मुठीतून आली. मी हरभऱ्याच्या झाडावर चढत नाही, पण त्या दिवशी चढले.

लसीनंतर मुलं कमी येऊ लागली. पुढे बशांवर उगवणंही कमी झालं, आणि मग एकदम थांबलंच. नवऱ्याला भाषणांची आमंत्रणं येऊ लागली. पडद्यावर तो आमच्या आकड्यांची रेघ दाखवायचा, डोंगरावरून खाली उतरून जमिनीला टेकलेली. लोक टाळ्या वाजवायचे आणि पहिल्या रांगेत बसून मीही वाजवायचे. हातचं राखून कशाला सांगू, मला फार बरं वाटायचं.

एक गोष्ट मात्र डाचायची. अधूनमधून एखादं पाणी तांदूळ धुतल्यासारखं गढूळ यायचं. सूक्ष्मदर्शकाखाली पू दिसायचा, साखर उतरलेली असायची, म्हणजे जंतूनं तिथे धुडगूस घातला होता हे दिसतच होतं, आणि बशी मात्र कोरी. मी घरी जेवताना हे काढलं की नवरा म्हणायचा, अगं, बाहेरचे डॉक्टर आधीच इंजेक्शनं टोचून पाठवतात, तुझ्याकडे येईपर्यंत जंतू मेलेला असतो. असं होतं हे खरंच. दोनतीनदा विचारलं, दर वेळी तेच उत्तर मिळालं, आणि नवऱ्याच्या शब्दावर शंका घ्यायला मला कारण नव्हतं. जंतूची खूण दुसऱ्या मार्गानं पटवणारी महागडी यंत्रं आमच्याकडे नव्हती. बशी हाच माझा साक्षीदार, आणि तो गप्प होता.

मग माझ्या नणंदेची मुलगी आजारी पडली.

नणंद दुसऱ्या गावी असते. मुलगी दीडेक वर्षांची, गोरीगोमटी, आणि बघावं तेव्हा बाहुलीसारखी बसलेली, म्हणून तिला ठकी म्हणायचो. तिला रात्रभर ताप होता, सकाळी आकडी आली, आणि नणंदेनं तिला गाडीत घालून तडक भावाकडे आणलं. दुपारी मी लॅबमध्ये होते तेव्हा नवऱ्याचा फोन आला. त्याचा आवाज मी ओळखला नाही. एवढी वर्षं मुलं हाताळलेला माणूस, पण बहिणीचं लेकरू समोर आल्यावर त्याची पाचावर धारण बसली होती.

"ठकीची मान ताठ आहे. मी आत्ता पाणी काढतोय, तू स्वतः ये. तुझ्याच हातात देतो. मुठीत धर आणि सरळ बशीवर घाल. सिस्टरकडे जाऊ देऊ नकोस, नाहीतर ते सकाळपर्यंत त्या फ्रीजमध्ये पडेल."

मी धावत वॉर्डमध्ये गेले. ठकी पांढरीफटक पडली होती आणि नणंद तिचे पाय धरून उभी होती. नवऱ्यानं सुई घातली, थेंब थेंब पाणी आलं, गढूळ. बाटली त्यानं माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं स्वतःच्या हातानं मिटली. पाणी निघाल्यावर लगेच औषधाचा पहिला डोस दिला. मी मूठ पोटाशी धरून निघाले, जिना उतरले, पटांगण ओलांडलं, आणि लॅबच्या दाराशी येईपर्यंत फोनवरचं वाक्य डोक्यात नीट शिरलं. त्या फ्रीजमध्ये. कुठल्या फ्रीजमध्ये?

पण तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. पाणी बशीवर घातलं. घाई होती म्हणून कोणतं औषध लागू पडेल ते बघायच्या पट्ट्याही त्याच बशीवर ठेवल्या, आणि बशी उबेत सरकवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बशी उघडली तर जेलीभर बारीक चकचकीत थेंब, प्रत्येकाला मधोमध खळी. इतक्या काळानंतर दिसला तरी मी त्याला पहिल्या नजरेत ओळखलं. आमची लस ज्या जंतूवर होती तो हा नव्हता, दुसरा होता. आणि वॉर्डमध्ये सगळ्या मुलांना जे नेहमीचं औषध देतात, त्याच्या पट्टीला तो अगदी खेटून उगवला होता. त्या औषधाला तो भीक घालत नव्हता. दुसऱ्या औषधापासून मात्र लांब पळाला होता.

मी नवऱ्याला फोन केला. तो ऐकून घेऊन म्हणाला, लगेच दुसरं औषध सुरू करतो. मी म्हटलं, गुंड्यालाही कर.

गुंड्या म्हणजे ठकीच्या शेजारच्या खाटेवरचं मूल. त्याची आई कपडे शिवण्याच्या कारखान्यात कामाला. आठवड्याच्या सुरुवातीला एका रात्री ती त्याला घेऊन आली होती. बाहेर कुठेही दाखवलं नव्हतं, इंजेक्शन नाही, गोळी नाही, ताप चढला तशी थेट आमच्याकडे. त्याचं पाणी ठकीपेक्षा गढूळ होतं. माझ्या बशीवर त्यातून काहीही उगवलं नव्हतं, आणि तसं मी सहीनिशी कळवलं होतं. तेव्हापासून तो नेहमीच्या औषधावर होता आणि त्याचा ताप हटायला तयार नव्हता. या पोराच्या बाबतीत बाहेरच्या डॉक्टरांवर खापर फोडायची सोय नव्हती.

फोन ठेवला आणि मी वॉर्डमध्ये गेले. नवऱ्याकडे नाही, फ्रीजकडे.

वॉर्डच्या कोपऱ्यातला तो फ्रीज लसीबरोबर आला होता. मामा निवृत्त झाले त्याच सुमाराला वॉर्डला नवीन मुख्य सिस्टर आल्या. सगळे त्यांना टापटीप म्हणतात, त्यांच्या तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते आवडतं. चादरीला सुरकुती नाही, बाटलीवर धूळ नाही, कपाटातली प्रत्येक वस्तू आपल्या जागी. मी फ्रीज उघडला. लसी वरच्या खणात रांगेत होत्या. दाराच्या कप्प्यात एका स्वच्छ वाटीत दोन छोट्या बाटल्या उभ्या होत्या, कालच्या आणि आजच्या, पाठीतल्या पाण्याच्या. काचेवर दव जमलं होतं.

मी काय बघतेय हे टापटीप सिस्टरना कळलं आणि त्या अभिमानानंच पुढे आल्या. काढलेलं पाणी लगेच न्यायला माणूस नसतो, उघड्यावर ठेवलं तर खराब होईल, म्हणून आल्यापासून त्यांनी ही पद्धत पाडली होती. एकही बाटली हरवू दिली नव्हती. मी विचारलं, कुणी सांगितलं असं करायला? तर म्हणाल्या, यात सांगायचं काय मॅडम, मीच सुरू केलं. मग मी विचारलं की मोठ्या डॉक्टरांना हे माहीत आहे का. मोठे डॉक्टर म्हणजे माझा नवरा.

"त्यांना माहीत आहे ना. मागेच एकदा त्यांनी बघितलं. काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, लॅबच्या मॅडमना गार बाटली चालत नाही, फार चिडतात, तेव्हा पाठवायच्या आधी थोडा वेळ टेबलावर काढून ठेवत जा."

त्या बाईला माझ्या चेहऱ्यावरून काय वाटलं कोण जाणे, तिनं मला खुर्ची दिली. तिची चूक भोळी होती. घरात जे करतात ते तिनं वॉर्डमध्ये केलं. पण तो? गारठ्यात जंतू मरतात हे त्याला माझ्याइतकंच माहीत. मेलेलं पाणी कोमट करून माझ्याकडे पाठवायचं, मी हात लावून खात्री करायची, बशी कोरी बघायची, सही करायची, आणि त्यानं पडद्यावर रेघ दाखवायची. आणि हे सगळं माझ्या रागाचं निमित्त करून. याला केसानं गळा कापणं म्हणतात.

मी त्याच्या खोलीत गेले तेव्हा तो ठकीच्या औषधाची मात्रा पुन्हा तपासत होता. दार लावून घेतलं आणि फ्रीजबद्दल विचारलं. तो खोटं बोलला नाही. खुर्चीत मागे टेकला, चष्मा काढला, आणि म्हणाला की त्याला कळलं तेव्हा आकडा जाहीर होऊन गेला होता. वरून कौतुकाचं पत्र आलं होतं, दुसरी हॉस्पिटलं आमची पद्धत बघायला येणार होती. आता फ्रीजचं सांगायचं म्हणजे सगळंच खोटं ठरेल, लसीवरचासुद्धा लोकांचा विश्वास उडेल. लस चांगलीच आहे, रोग खरंच कमी झालाय, मुलं कमी येतात हे तर तूही बघतेस. आकडा जरा इकडे तिकडे असेल.

मी म्हटलं की जरा म्हणजे किती, हे आता तुला, मला, कुणालाच कळणार नाही. हा दुसरा जंतू कधीपासून फिरतोय, किती पोरांना लागला, काही कळणार नाही. त्याच्याही लसीची चर्चा चालू आहे, आणि तुमच्याकडे तो नाहीच असं आपल्याच रेघेवरून ठरवतील.

"अगं, पण मुलांना औषध तर देतच होतो ना आपण? जंतूचं नाव कळलं काय नि न कळलं काय, औषध तेच. कुणाचं नुकसान केलं मी?"

"मग ठकीचं पाणी माझ्या मुठीत का दिलंस?"

त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. माझ्या मनात आलं की हा माणूस मला अजून आवडतो, आणि याचा मला भयंकर राग आला.

मग त्यानं सारवासारव सुरू केली. फ्रीजचं आजपासून बंद करतो म्हणाला. बाटल्या पुन्हा हातात येतील, सिस्टरना तो नीट समजावून सांगेल. फक्त ठकीचा निकाल आपल्या आकड्यात धरू नकोस. ती आपल्या भागातली नाही, बाहेरगावची आहे, नियमानं ती मोजणीत बसतच नाही. नियम खरा होता. तो नियम आम्ही दोघांनी मिळून केला होता, आणि आता तो मला माझ्याच नियमानं बांधत होता. मी विचारलं, आणि गुंड्या? तो इथलाच आहे. तर म्हणाला, त्याच्या पाण्यात काही उगवलं नाही असं तूच लिहिलं आहेस.

मी दार आपटून बाहेर आले. हॉस्पिटलात दार आपटू नये, मी इतरांना त्यावरून बोलते.

ठकीला दुसरं औषध मानवलं. ताप उतरला, तिनं डोळे उघडले, आणि आईच्या बोटातली अंगठी ओढू लागली. नणंदेला आभाळ ठेंगणं झालं. आपल्या दादानं मुलीला मरणाच्या दारातून ओढून आणलं असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, आणि त्यात काही खोटंही नव्हतं. अंघोळीला, जेवायला ती आमच्या घरी यायची, आणि घरी मी आणि नवरा एकमेकांशी बोलत नव्हतो हे तिच्या लक्षात आलं. एका संध्याकाळी मी चहा करत होते तेव्हा ती स्वयंपाकघरात आली आणि मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, ती आई आहे, हिला तरी कळेल.

तिनं ऐकून घेतलं. मग कप पुसत म्हणाली की वहिनी, दादानं मुद्दाम कुणाचं वाईट केलं नाही. आता ते बाहेर काढलंस तर त्याची नोकरी जाईल, त्याचं नाव मातीत जाईल. झालं ते झालं. तू मनावर घेऊ नकोस. मी म्हटलं, शेजारच्या खाटेवरचं पोर? ती म्हणाली, त्यालाही तेच औषध चालू केलंय ना आता. तिच्या जागी मी असते तर काय म्हटलं असतं हे मला सांगता येत नाही. पण त्या वेळी मला घरात कुणी माझं उरलंय असं वाटलं नाही.

गुंड्याला औषध चालू केलं होतं हे खरं. त्याचाही ताप उतरला. पण ठकीला ते वेळेत मिळालं आणि त्याला उशिरा, आणि हा जंतू उशिराची किंमत वसूल करतो. डोळ्यांपेक्षा तो कानांवर डूख धरतो. गुंड्या हसायचा, हात पुढे करायचा, भूक लागली की रडायचा. त्याच्या आईनं मात्र आमच्या आधी ओळखलं. पाठमोऱ्या पोराला ती हाक मारायची आणि तो वळायचा नाही. आधी तिला वाटलं की आजारानं आडमुठा झाला. मग तिनं त्याच्या मागे थाळी खाली टाकून बघितली. सगळा वॉर्ड दचकला, ठकी रडायला लागली, आणि गुंड्या आपल्या पायाच्या अंगठ्याशी खेळत राहिला. कानांच्या डॉक्टरांनी यंत्र लावून तेच सांगितलं. दोन्ही कान गेले होते.

त्या सकाळी लॅबमध्ये बसून मी वरच्या कार्यालयाला कळवून टाकलं. वॉर्डमध्ये तो फ्रीज आल्यापासूनचे आमचे सगळे कोरे निकाल रद्द समजावेत, कारण ते पाणी गारठलेलं होतं. तिथे 'जंतू नाही' असं न वाचता 'माहीत नाही' असं वाचावं. दुसरा जंतू इथे फिरतो आहे, नेहमीच्या औषधाला तो दाद देत नाही, आणि शेजारच्या हॉस्पिटलांना आजच सावध करावं. ही पद्धत कोण जाणून होतं तेही लिहिलं. नवऱ्याचं नाव पदासकट टाइप केलं. मग मी वॉर्डमध्ये गेले. नवऱ्याला हे माहीत नव्हतं. मला ते त्याच्या तोंडावर सांगायचं होतं.

तो राउंडवर होता. शिकाऊ डॉक्टर मागे उभे, टापटीप सिस्टर बाजूला. तो गुंड्याच्या खाटेशी होता आणि त्याच्या आईला समजावत होता, खाली वाकून, हळू आवाजात, त्याची ती नेहमीची पद्धत. आजार फार जोराचा होता. पाण्यात काही उगवलं नाही, त्यामुळे कोणता जंतू ते आधी समजलं नाही. असं कधीकधी होतं. कुणाच्या हातात नव्हतं. कानांसाठी यंत्र मिळतं, तो स्वतः त्यासाठी धडपड करील.

बाई ऐकत होती. पोराला तिनं खांद्यावर घेतलं होतं. मग तिनं शेजारच्या खाटेकडे बघितलं. नणंद ठकीला फ्रॉक घालत होती, त्यांना त्या दिवशी घरी सोडणार होते.

"हिला पण तेच झालं होतं ना? हिच्या पाण्यात उगवलं. माझ्याच्यात कसं नाही उगवलं?"

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. नवरा सरळ उभा राहिला. एकेका पाण्याचं एकेक असतं असं काहीतरी म्हणाला, आणि मग त्याला मी दिसले. त्याच्या चेहऱ्यावर चक्क सुटकेचा भाव आला. तो तिला म्हणाला, या लॅबच्या डॉक्टर, पाणी यांनीच तपासलं, या तुम्हाला नीट सांगतील.

म्हणजे इथेही त्यानं मलाच पुढे केलं. आत्तापर्यंत मनात कुठेतरी त्याच्यासाठी वाईट वाटत होतं, ते तिथल्या तिथे संपलं.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "ताई, तुमच्या मुलाच्या पाण्यातही उगवलं असतं. माझ्याकडे यायच्या आधी ते रात्रभर त्या फ्रीजमध्ये ठेवलं होतं. गार झालं की जंतू मरतात, मग मला दिसत नाहीत. दिसले असते तर योग्य औषध दुसऱ्याच दिवशी मिळालं असतं. फ्रीजमध्ये ठेवतात हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरांना माहीत होतं."

टापटीप सिस्टरनी तोंडावर हात धरला. इतके दिवस आपण काय करत होतो हे त्या बिचारीला तेव्हा कळलं. नवरा माझ्याकडे बघत राहिला. नणंदेनं ठकीला उचलून छातीशी घट्ट धरलं आणि तोंड फिरवलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही, आणि घरात आता मी एकटीच राहते.

गुंड्याच्या आईनं फ्रीजकडे बघितलं. मग ठकीकडे. खूप वेळ ती जुळवत होती.

"मग हिचं कुठे ठेवलं होतं?"

"माझ्या मुठीत. इथून लॅबपर्यंत."

"बस्स? एवढंच करायचं होतं?"

मी हो म्हटलं.

तिनं नवऱ्याकडे बघितलं. शिव्या देईल असं मला वाटलं, द्यायला हव्या होत्या. पण तिनं फक्त गुंड्याला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, आणि त्याला ऐकू जाईल या जुन्या सवयीनं आवाज खाली आणून म्हणाली,

"मी तर रात्रभर इथे बाहेर बाकावर बसून होते, डॉक्टर. रिकामीच होते. मला सांगायचं होतंत. मी धरून बसले असते."